आठ महिने रस्ता, चार महिने उचल

ओतूर मागे टाकून आळेफाट्याकडे निघालं की नगर-कल्याण महामार्गावर पिंपरी पेंढार लागतं. पश्चिमेला हा रस्ता माळशेज घाट उतरून कल्याणला जातो, पूर्वेला आळेफाट्यावर पुणे-नाशिक रस्ता ओलांडून नगरकडे. कांदा, टोमॅटो आणि ऊस पिकवणाऱ्या या गावातली मुलं रात्री झोपतात तीच गाड्यांचे हॉर्न ऐकत. तेव्हा बारावी झालेल्या एखाद्या मुलीनं किंवा मुलानं ‘काम करायचं तर फिरतीचं’ असं ठरवलं, तर त्यात नवल नाही. घरातले मोठे मात्र लगेच सावध होतात. आपल्याकडे स्थळ सांगतानासुद्धा ‘नोकरी चांगली आहे, पण फिरतीची आहे’ असं सांगितलं जातं. त्या ‘पण’मध्ये वेळी-अवेळी जेवण येतं, मुलांच्या शाळा येतात, आजारपणात जवळ कुणी नसणं येतं आणि हातपाय थकल्यावर कोण बघणार ही धास्तीही येते.

धास्ती खोटी नाही. फिरण्याची ओढही खोटी नाही.

मुळात पिंपरी पेंढारचा हा जुन्नर तालुका रस्त्याच्या जिवावरच मोठा झाला. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत यायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात, आणि तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांच्या नावांत यवनांची नावंही कोरलेली सापडतात. दूरदेशची माणसं व्यापाराच्या निमित्तानं इथे आली, राहिली आणि पाण्याच्या टाक्यासाठी, मंडपासाठी पैसे देऊन गेली. फिरून पोट भरणं ही इथली नवी हौस नव्हे.

आजच्या मुलांपुढे फिरतीचे पर्याय तसे बरेच आहेत. टोमॅटोचे क्रेट घेऊन परराज्यात जाणारा ट्रक आहे, एसटीची चालक-वाहकाची नोकरी आहे, मर्चंट नेव्ही आहे. थोडं इंग्रजी-हिंदी जमत असेल आणि माणसं सांभाळायची हातोटी असेल तर सहल कंपनीत टूर मॅनेजर होता येतं. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली, वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड. या आणि अशा कंपन्यांमुळे मराठी मुलामुलींसाठी हा एक रीतसर पेशाच तयार झाला. बाहेरून तो फार हेवा वाटण्याजोगा दिसतो. प्रत्यक्षात टूर मॅनेजरचं लक्ष बर्फाच्या डोंगराकडे कमी आणि बसमधल्या माणसांच्या मोजणीकडे जास्त असतं. कुणाचा पासपोर्ट, कुणाची गुडघेदुखी, कुणाचा उपवास, कुणाला खिडकीजवळची जागा. तो एकच शहर पुन्हा पुन्हा पाहतो आणि दर वेळी पहिल्यांदाच पाहत असल्याच्या उत्साहानं दुसऱ्यांना दाखवतो. हे कसब आहे, आणि त्याला दाद दिलीच पाहिजे. पण प्रवासाचा धंदा माणसाचं काय करतो, त्याला काय देतो आणि त्याच्याकडून काय वसूल करतो, हे नीट समजून घ्यायचं असेल तर पिंपरी पेंढारच्या मुलानं परदेशात जायची गरज नाही. गाडीनं तासाभराच्या आत नारायणगाव येतं.

नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या आधीपासून एसटी स्टँडच्या परिसरात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या आणि मुख्य कलावंतांच्या फोटोंचा मोठा फलक, आत सतरंजी, टेबल, मॅनेजर आणि त्याची तारखांची वही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोले अशा तालुक्यांतल्या गावांच्या यात्रा कमिट्या जीप भरून येतात. एका राहुटीतून दुसरीत जातात, चहा होतो, घासाघीस होते. नाचणाऱ्या मुली किती, वगनाट्य कोणतं, सोंगाड्या कोण, साउंड आणि लाइट स्वतःचे का, गाड्या किती वाजता गावात पोचणार, असे प्रश्न विचारले जातात. जमलं तर इसार दिला जातो, सुपारी ठरते आणि वहीतल्या तिथीपुढे गावाचं नाव पडतं.

या वहीत फिरतीच्या धंद्याचं सगळं गणित असतं. चैत्र-वैशाखातल्या यात्रा तिथीप्रमाणे येतात. कालाष्टमीला, पौर्णिमेला, अक्षय तृतीयेला एकाच दिवशी कितीतरी गावांना तमाशा हवा असतो, म्हणून त्या दिवसांची सुपारी चढते. मधल्या रिकाम्या तिथीला तोच फड निम्म्यातही यायला तयार होतो. मॅनेजरपुढे एकीकडे पंचांग असतं आणि दुसरीकडे रस्त्याचा नकाशा. आज अकोल्याच्या डोंगरात, उद्या पारनेरच्या माळावर, परवा पुन्हा भीमाशंकरच्या बाजूला आंबेगावात, अशी तिथी पडत गेली तर डिझेल सुपारी खाऊन टाकतं. शिवाय रात्रभर गाडीत आदळलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी नाचायचं असतं. चांगला मॅनेजर म्हणूनच दोन पैसे कमी घेऊन जवळचं गाव धरतो. हंगामभर फिरणाऱ्या शेकडो माणसांचा रस्ता असा एका जागी बसून ठरतो. फिरतीच्या धंद्याला एक न हलणारं ठाणं लागतं, ही गोष्ट प्रवासवेड्या मुलांच्या लक्षात सहसा उशिरा येते.

फड दसऱ्याला बाहेर पडतो. आधी कनातीचे खेळ, म्हणजे कापडी आडोसा उभारून तिकीट लावून केलेले. मग चैत्रापासून गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या. वैशाख संपत आला, वळवाचे ढग दिसू लागले की मुक्काम हलतो तो घराकडे. मोठ्या फडात शंभराहून जास्त माणसं असतात. गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या बायका, ढोलकीवाला, हलगीवाला, सरदार, सोंगाड्या, मावशी, वगातले राजे-प्रधान, साउंडवाले, जनरेटरवाला, ड्रायव्हर, स्वयंपाकी, आणि तंबू-स्टेज उभं करणारे बिगारी.

त्यांचा एक दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. पहाटे किंवा सकाळी गाड्या गावात शिरतात, तेव्हा बहुतेकजण सामानावरच आडवे झालेले असतात. बिगारी मात्र उतरतात, मैदानाचा चढउतार पायानं अजमावतात आणि वाऱ्याची दिशा बघून स्टेजचं तोंड ठरवतात. लोखंडी घोड्यांवर फळ्या पडतात, मागे राहुट्या लागतात. बायकांची पहिली चौकशी असते पाण्याची आणि आडोशाची. गाव कितीही सुंदर असो, मंदिर कितीही जुनं असो, फडातल्या बाईच्या मनात त्या गावाची आठवण राहते ती तिथे अंघोळीला जागा होती की नाही यावरून. दुपारी जेवण, थोडी झोप. सूर्य कलला की लोखंडी ट्रंका उघडतात. झाकण उभं करून त्याला आरसा टेकवायचा, समोर मांडी घालायची आणि बल्बच्या उजेडात तोंड रंगवायचं. नऊवारी, कंबरपट्टा, आंबाडा, गजरा, आणि सगळ्यात शेवटी चाळ. घोट्यापासून वर कापडी पट्टी गुंडाळून त्यावर घुंगरांचे पदर आवळून बांधतात. सैल राहिले तर नाचताना सरकतात, फार आवळले तर पाय बधिर होतात. किती आवळायचं हे सांगून कळत नाही. ज्या पायांनी बांधले आहेत त्यांनाच ते कळतं. गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली, मग वग. खेळ संपला की तोच क्रम उलटा. चाळ सुटतात, ट्रंका मिटतात, फळ्या, घोडे, खांब, कनात ठरलेल्या जागी ठरलेल्या गाडीत चढतात. रात्री अंधारात गडबड होऊ नये म्हणून कुठली वस्तू आधी चढणार हे वर्षानुवर्षं पक्कं झालेलं असतं. गाव झोपलेलं असताना फड निघून गेलेला असतो.

म्हणजे जो माणूस आठ महिन्यांत शेकडो गावं फिरतो, तो त्यातली फार थोडी बघतो. त्याला दिसतं ते मैदान, आणि दिव्यांच्या पलीकडे बसलेली माणसं. पण त्या माणसांचं त्याला जे ज्ञान असतं ते एका जागी राहणाऱ्या कुणाला नसेल. कुठल्या खोऱ्यात लावणीला वन्समोअर पडतो, कुठे लोक वगासाठी थांबतात, कुठल्या गावात पोरं दंगा करतात आणि कुठल्या गावात पाटलांनी एकदा हात वर केला की सगळं चिडीचूप होतं, हे सोंगाड्याला तोंडपाठ असतं. बतावणीत तो त्या त्या गावाचा, तिथल्या नेत्याचा, तिथल्या कांद्याच्या भावाचा उल्लेख असा पेरतो की लोकांना तो आपल्यातलाच वाटतो. फिरण्यातून मिळणारं शहाणपण ते हेच, आणि ते पुस्तकात सापडत नाही.

हा पेशा माणसांना सापडतो कसा? पठ्ठे बापूरावांनी तो निवडला. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचं मूळ नाव, गाव आजच्या सांगली जिल्ह्यातलं रेठरे हरणाक्ष. ब्राह्मणाच्या मुलानं कुलकर्णीपण मागे टाकून फड उभा करावा हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला केवढं मोठं धाडस होतं, याची आज कल्पनाही करणं अवघड आहे. जातीनं त्यांना दूर केलं; त्यांनी तमाशाला जवळ केलं. त्यांच्या फडातली पवळा पुणे-नाशिक रस्त्यावरच्याच हिवरगाव पावसा या संगमनेर तालुक्यातल्या गावची. तिच्या नावाचा दबदबा असा होता की तमाशाच्या बोर्डावर बाई उभी राहण्याची चाल तिच्यापासून पडली असं मानतात. बापूराव १९४५ मध्ये गेले ते विपन्नावस्थेत.

तमाशा कलावंत विठाबाईंच्या बाबतीत मात्र निवड हा शब्द जपून वापरावा लागतो. १९३५ मध्ये त्यांचा जन्म झाला पंढरपूरला, पण आयुष्यभर नाव लागलं नारायणगावकर. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड. फडाच्या नावातच जात लिहिलेली. मुलीला घर होतं ते फडाचं, अंगण होतं ते स्टेजचं, आणि गाव रोज बदलणारं. फडातल्या बहुतेकांचं असंच झालं. महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या माणसांना गावात जमीन नव्हती, मान नव्हता. रस्त्यावर निदान कलेचा मान होता. म्हणून फिरतीच्या आयुष्याबद्दल लिहिताना मोकळ्या आकाशाची आणि स्वातंत्र्याची वर्णनं करण्याआधी एवढं विचारलं पाहिजे की या माणसाला घरी राहायची सोय होती का.

विठाबाईंनी मात्र वाट्याला आलेल्या त्या रस्त्यावर स्वतःचं राज्य उभं केलं. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींकडून गौरवण्यात आलं. त्यांच्याबद्दलची एक हकिकत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते: दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या, मधेच कळा सुरू झाल्या, मागे राहुटीत बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. काय घडलंय हे कळल्यावर प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. ही हकिकत शौर्याची म्हणून सांगितली जाते आणि ती शौर्याची आहेच. पण तिच्यात दुसरंही एक आहे. सुपारी घेतलेली होती, गाव जमलं होतं, आणि त्या बाईला रजा देणारं कुणी नव्हतं. फड तिचाच, ती थांबली तर शंभर माणसांचं ताट थांबणार. जानेवारी २००२ मध्ये विठाबाई गेल्या. शेवटच्या आजारपणाचा खर्च देणग्यांतून भागवावा लागला. पुढे राज्य शासनानं तमाशातल्या ज्येष्ठांसाठी त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

त्या पुरस्काराच्या मानकऱ्यांपैकी एक कांताबाई सातारकर. तुकाराम खेडकरांसारखा वगसम्राट जोडीदार १९६४ मध्ये गेला आणि पदरात लहान मुलं होती. त्यांनी पुढे स्वतःचा फड काढला, बोर्डावर शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि मुलगा रघुवीर खेडकर याला हाताशी धरून तो फड महाराष्ट्रभर फिरवला. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही आईच्या फडातून बाहेर पडून आपला फड उभा केला. या बायका नुसत्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या नव्हत्या. गाड्यांचे हप्ते, कलावंतांची उचल, पोलिसांचा परवाना, गावातली भांडणं हे सगळं त्यांनी चाळ बांधलेल्या पायांनिशी निभावलं.

उचल हा या धंद्याचा कणा आहे आणि दुखणंही. वैशाखात फड बसला की दसऱ्यापर्यंत काम नाही. चार महिने पाऊस, घरात खाणारी तोंडं, मुलांची फी, एखादं लग्न. तेव्हा कलावंत फडमालकाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतो. फडमालक ती देण्यासाठी सावकाराकडून व्याजानं पैसे उचलतो. दसऱ्याला फड निघतो तेव्हा प्रत्येकजण आधीच देणेकरी असतो, आणि यात्रांच्या सुपाऱ्यांतून ते फिटता फिटता पुन्हा पाऊस येतो. फिरतीचा कोणताही पेशा निवडणाऱ्यानं कसोटी लावायची ती इथे. रस्त्यावरचे महिने कसेही निघतात. तिथे काम असतं, सोबत असते, टाळ्या असतात. थांबलेले महिने कोणाच्या पैशावर निघणार? हे जहाजावरच्या खलाशाला, बिनहंगामात घरी बसणाऱ्या टूर मॅनेजरला आणि ढोलकीवाल्याला सारखंच लागू आहे. फरक एवढाच की पहिल्या दोघांच्या हातात निदान करारपत्र असतं.

थांबणं लांबलं तर काय होतं ते २०२० मध्ये दिसलं. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरची टाळेबंदी सुरू झाली ती त्याच दिवसापासून. ज्या दिवशी वह्या भरायच्या त्या दिवशी रस्ते बंद. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा संचारबंदी. सलग दोन चैत्र कोरडे गेले. ज्यांची घरं चैत्राच्या सुपारीवर चालत होती त्यांनी ट्रक विकले, मोलमजुरी केली, शेतात रोजानं गेले. त्याच २०२१ च्या मे महिन्यात कांताबाईही गेल्या.

त्याआधीच खेळाची वेळ आकसली होती. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडक केले, आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद झाला; वर्षातल्या मोजक्या दिवशी तेवढी मध्यरात्रीपर्यंत सवलत. पूर्वी वग पहाटेपर्यंत रंगायचा. आता शेतातलं आवरून, जेवून माणसं मैदानावर येतात तोवर खेळ उरकायची घाई लागते. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या पोराला शांतता हवी हे मान्यच आहे. पण वगासारखा सावकाश चढत जाणारा प्रकार दीड-दोन तासांत कोंबला की त्यातला वग जातो आणि नुसती गाणी उरतात. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात आता बिबट्याचंही भय आहे. पिंपरी पेंढारच्या शिवारातही त्यानं माणसं मारली आहेत. लांबच्या वस्तीवरचं कुटुंब लेकरं घेऊन रात्रीचं खेळाला निघायला आता धजत नाही.

मुलांचं काय, हा प्रश्न मात्र सगळ्यांत जुना. आई आठ महिने रस्त्यावर, मूल आजीकडे नाहीतर गाडीत. दर दिवशी नवं गाव, तेव्हा शाळा कुठली? बीड जिल्ह्यात ब्रह्मनाथ येळंब इथे तमाशा कलावंतांच्या मुलांसाठी सेवाश्रम उभा राहिला, अशी मोजकी कामं झाली. ज्या नारायणगावात दर पाडव्याला राज्यभरातले फड एकत्र येतात, तिथे त्यांच्या मुलांसाठी हंगामी नव्हे तर बारमाही वसतिगृह असणं ही अगदी साधी अपेक्षा आहे.

राहिला म्हातारपणाचा प्रश्न. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला तीत अर्ज करता येतो आणि २०२४ पासून मानधन सरसकट महिना ५,००० रुपये झालं. पण अर्जासोबत आयुष्यभर कला केल्याचे पुरावे लागतात. फडमालकाचं, मुख्य गायिकेचं नाव पोस्टरवर तरी असतं. हलगीवाल्याचं, कोरसमध्ये उभ्या राहणाऱ्या बाईचं, बिगाऱ्याचं नाव कुठे असणार? त्यांनी ज्या शेकडो गावांत रात्री जागवल्या, त्या गावांच्या दप्तरात त्यांचा कागदोपत्री माग नाही.

हे बदलणं यात्रा कमिट्यांच्या हातात आहे आणि त्याला खर्च काहीच नाही. खेळ झाल्यावर सुपारीचे उरलेले पैसे मोजून देताना पिंपरी पेंढारसारख्या प्रत्येक गावानं ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर तारीख, फडाचं नाव आणि त्या रात्री काम केलेल्या सगळ्यांची नावं लिहून, सही-शिक्का मारून एक दाखला मॅनेजरच्या हातात द्यावा, आणि एक प्रत गावात ठेवावी. नारायणगावच्या राहुटीत बोलणी करतानाच ही अट कमिटीनं स्वतःहून घातली, तर फडमालक ‘नाही’ म्हणणार नाहीत.